जिप्सीची खांदशेकणी

समुद्रपूरच्या डोमाजी मिस्त्रीनं उभ्या जन्मात किती गाड्यांचे मागची चाकं फिरवणारे शाफ्ट काढले, ते त्याचं त्यालाच ठाऊक नाही. चाक उतरवायचं, ब्रेकचा ड्रम काढायचा, आतले नट सोडायचे, मग ड्रम उलटा लावून असा हिसका द्यायचा, की ओल्या वाफ्यातून मुळा उपटावा तसा लांबलचक शाफ्ट हातात! लोक बघायला थांबत, आणि लोक थांबले की डोमाजीच्या हाताला जास्तच चेव येई.

हाच चेव लक्ष्मणरावांच्या जिप्सीला नडला. बैलजोडी विकल्यापासून त्यांची वांगी-टमाटे ही जुनी जिप्सीच बाजारात नेई. मागचं बेअरिंग घुमू लागलं म्हणून पोळ्याच्या तोंडावर ती डोमाजीकडे आली. चार माणसं बघत होती. डोमाजीनं शाफ्टला खालून हाताचा आधार दिलाच नाही, तिरपाच ओढला. तेल अडवणारं आतलं रबरी सील जरासं चिरलं. नवं सील दुकानात नव्हतं, आणि लक्ष्मणरावांना गाडी पोळ्याला हवी होती. "चालते," असं स्वतःशीच म्हणत त्यानं तेच ठेवून शाफ्ट बसवून टाकला.

पोळ्याला तोरणाखाली बैलांच्या रांगेत झूल पांघरून जिप्सी उभी! सगळे हसत होते, लक्ष्मणराव मात्र ताठ. डोमाजीची नजर थेट मागच्या चाकाकडे गेली. आतून तेलकट ओघळ आला होता.

"वहिनी, हे ओलं काऊन दिसून राह्यलं?"

"काल खांदशेकणी केली ना भाऊ तिची," लक्ष्मणरावांच्या पंचफुलाबाई म्हणाल्या. "बैलाच्या खांद्याले हळद-तूप लावतो, तसं हिच्या चाकाले लावलं. हिचा खांदा तोच ना!"

"लय खाल्लं वाटते तूप, आता पाझरून राह्यली," लक्ष्मणराव म्हणाले.

डोमाजीही हसला. सुटलो बाप्पा, असं वाटलं त्याला. आता कोणाला कळतं! तेवढ्यात पंचफुलाबाई बाजूच्या बाईला सांगू लागल्या, "उद्या पहाटेच निघतो वर्ध्याले. मी मागं पोत्यांवर बसतो." इकडे पोळ्याच्या गाण्यांना, झडत्यांना जोर चढला होता, पण डोमाजीला एक ओळ ऐकू येईना.

"राव, गाडी रांगेतून काढा. चाक खोलाचं हाये."

"याड लागलं का गा? आज बैलाले जू लावत नाई, अन् तू हिले पाना लावतं?"

"तूप नाई ते, तेल हाये. लोकायले हिसका दाखवाच्या नादात सील म्याच चिरलं. तेल ब्रेकवर उतरून राह्यलं, ब्रेक लागन नाई. उद्या वहिनी बसन त्यात."

लक्ष्मणरावांचं हसू मावळलं. त्यांनी झूल उतरवली, घडी करून खांद्यावर टाकली आणि गाडीला मागून हात लावला. दोघांनी ती ढकलत लिंबाखाली नेली. मग लक्ष्मणराव एकटेच तोरणाकडे परतले.

डोमाजीनं चाक उतरवलं. या वेळी एक हात खाली धरून शाफ्ट हळूहळू, सरळ बाहेर घेतला. नवं सील येईपर्यंत गाडी आता ठोकळ्यांवरच राहणार होती. बघायला कोणी नव्हतं, फक्त पूजेचं ताट घेतलेल्या पंचफुलाबाई.

"भाऊ, गाडी देतानाच सांगाले का झालतं?" त्या म्हणाल्या. "तूप लावून म्या याच चाकाले हात जोडले ना."

तेलानं निथळणारा शाफ्ट दोन्ही हातांत धरून डोमाजी तसाच उभा राहिला.