होडीला लॉरीचे नव्हे, स्कूटरचे टायर

मित्रहो, आज सकाळी घाटावर मी एक वाद जिंकलो आणि माझी अक्का लेकीच्या गावी गेली.

लॉऱ्यांच्या धंद्याचे हुमनाबाद जवळ असल्यामुळे आमच्याकडे प्रत्येक अडचणीवर लॉरीचा टायर सुचतो. होडी दगडी घाटावर आपटू नये, म्हणून नावाडी शरणप्पाने तिच्या कडेला तेच बांधले होते. त्यांच्या जाडीमुळे होडी घाटापासून दीड वीत दूर राही. गुडघेदुखीमुळे अक्काला ते अंतर ओलांडता येईना.

मी स्कूटरचे टायर नेले.

"गुरुजी, एवढ्यानं काय व्हतंय?" शरणप्पा हसला.

"होडीचे वजन पेलेल, तेवढीच जाडी हवी," मी म्हणालो.

ते बांधून होडी घाटाला लावली; टायर दबले, होडीच्या फळीला ओरखडाही उमटला नाही. अक्का सहज होडीत शिरली आणि म्हणाली, "शरण्या, आता कामून गप बसलायस? चल की!"

तुमच्या घाटावर म्हातारी माणसे स्वतः चढतात, की उचलून ठेवावी लागतात?