पदरातला चेंडू

आमच्या मंगलवन्सं चालता चालता मध्येच थांबायच्या, उकिडव्या बसायच्या आणि एक डोळा मिटून जमिनीकडे बघत राहायच्या. मी नवी नवरी असताना त्या अंगणात अशा बसल्या, तेव्हा मला वाटलं, नणंदबाईंचं कानातलं हरवलं की काय! "उतार बघायलेय, वैनी," त्या म्हणाल्या. "आपल्या अंगणातला चेंडू तुळशीकडंच जाईल."

वन्सं गोल्फ खेळायच्या, आणि तेही पोटापाण्यासाठी. माझे सासरे पुण्यात गोल्फच्या मैदानावर माळी होते. तिथंच त्या शिकल्या. उन्हाळ्यात घरी आल्या की येलदरी धरणाचं पाणी मागं सरलेलं असायचं, गाळावर कोवळं गवत आलेलं असायचं. सकाळी पलीकडचं पाणी आणि आभाळ एकच दिसायचं. त्यात तो पांढरा चेंडू असा जायचा, की वाटायचं, आता हा काही खाली येत नाही. सगळे चेंडू मारून झाले की मी ते पदरात गोळा करायची. एखादा खुराच्या खड्ड्यात बसला की वन्सं तिथूनच मारत, चिखल अंगावर उडवून घेत. "वन्सं, म्हशी हसायल्यात तुमाला!" मी म्हणायची. "हसू दे. जिथं पडला तिथूनच मारायचा."

मागच्या वर्षी त्यांचा हंगाम लय वाईट गेला. शेवटच्या स्पर्धेत वर आल्या नाहीत, तर पुढच्या वर्षी खेळायलाच मिळणार नव्हतं. मी पहिल्यांदाच पुण्याला बघायला गेले. त्यांचा एक चेंडू झाडीत घुसला आणि थेट माझ्या पायाशी येऊन थांबला. हात सवयीचा! उचलला आणि पदरात टाकला. एकच गलका झाला. पंच धावत आले. "दंड नाही, पण होता तिथंच ठेवावा लागेल. ताई, नेमका कुठं होता?"

होता झाडाच्या मुळांच्या बेचक्यात. वीतभर अलीकडे छान गवत होतं, आणि माझ्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. मी वन्संकडे बघितलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि आभाळाकडे बघत राहिल्या. मेलं माझं बोट! ते मुळांकडेच गेलं. तिथून चेंडू धड निघाला नाही, आणि एका फटक्यानं वन्सं मागं राहिल्या.

परतीच्या एसटीत माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. "खरंच तिथं व्हता?" त्यांनी विचारलं.

"व्हता, वन्सं."

"मग रडायलीस कशाला?" म्हणाल्या, आणि माझ्याच पदरानं माझे डोळे पुसले. पण घरी येऊन गोल्फच्या काठ्यांची पिशवी माळ्यावर टाकली आणि रिकाम्या हातांनी पुण्याला गेल्या. जाताना अंगणाकडे वळूनही बघितलं नाही. फार लागलं मला ते.

यंदा पाणी मागं सरलं. म्हशींमागं फिरताना गवतात पांढरं काहीतरी दिसलं. वर्षभर धरणाच्या पोटात राहिलेला वन्संचा चेंडू, खुराच्या खड्ड्यात बसलेला. माझा हात पुढं गेला आणि थांबला. मी फोन लावला. "वन्सं, तुमचा चेंडू सापडलाय. म्हशीच्या खुराच्या खड्ड्यात बसलाय बघा."



"उचलू नकोस, वैनी," त्या म्हणाल्या. "पिशवी खाली काढून ठिव. मी यायलेय."