रेडिओच्या व्हॉल्व्हमधली गिटार

दादा आणि मी शिकायला म्हणून पिंपळगाव रेणुकाईहून जालन्यात आलो आणि जालन्याचेच झालो. दादा शाळेत मास्तर लागला, मी एका कचेरीत कारकून. तिथल्या मस्तगड भागात भाड्याच्या तीन खोल्यांत दादा, वहिनी आणि मी राहायचो. ही ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. दादाचा गळा चांगला होता. लग्नाच्या रिसेप्शनला, गणपतीत, गॅदरिंगला वाजवणारा एक ऑर्केस्ट्रा गावात होता, त्यात तो गायचा आणि मी गिटार वाजवायचो.

गिटार औरंगाबादहून आणलेली, जुनीच, पण बरी होती. अडचण आवाजाची होती. लाउडस्पीकरवाल्याच्या मशीनला गिटार लावली की पत्र्याच्या डब्यावर गारा पडाव्यात तसा आवाज यायचा. मला हवा होता तो आवाज मी कॅसेटवर ऐकलेला: सूर धरला की तो लांबत जातो, कडेला थोडा खरखरतो आणि तरी गोड राहतो. जुन्या बाजारात एक व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या तापणाऱ्या नळ्या असलेला, रेडिओ मिळाला. त्याच्या आवाजाच्या बटणाच्या जागी मी गिटारची वायर जोडली, आणि पहिलाच सूर असा निघाला की वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या.

"हे तुमी वाजवून राह्यले का?" त्यांनी विचारलं.

त्या रेडिओला मी लाकडी पेटी केली, मोठा स्पीकर बसवला. पायाखालचा पेडलही घरीच बनवला. एका मोडक्या ट्रान्झिस्टरमधले दोन जुने ट्रान्झिस्टर काढून पत्र्याच्या कंपासपेटीत बसवले. बटण पायानं दाबलं की सूर फाटायचा आणि मधमाश्यांसारखा घोंगावत राहायचा. उन्हाळ्यात मात्र तो पेडल आजारी पडे. जालन्याचं ऊन त्या ट्रान्झिस्टरला सोसत नसे, आवाज तुटक यायचा. मग कार्यक्रमाच्या आधी मी पेडल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवायचो.

या सगळ्यात एक खोट होती. तो रेडिओ स्वस्तातल्या बनावटीचा. आत ट्रान्सफॉर्मर नव्हता, घरातल्या विजेची एक तार सरळ त्याच्या लोखंडी सांगाड्यालाच जोडलेली. दोन पिनांचा प्लग एका बाजूनं घातला तर सांगाड्यावर काही नसायचं. उलटा घातला तर सगळी वीज सांगाड्यावर, तिथून गिटारच्या वायरीत आणि वायरीतून तारांवर. लाकडी स्टेजवर रबरी चपला घालून वाजवणाऱ्याला ते कळतही नाही. पण दुसऱ्या कुणी एका हातात, मशीनमार्गे जमिनीला जोडलेला, लोखंडी माइक धरून दुसरा हात त्या तारांना लावला, तर वीज त्याच्यातून जाणार. मला हे माहीत होतं आणि दादालाही मी सांगितलेलं होतं. म्हणून प्रत्येक ठिकाणी प्लग घातला की मी तारांना टेस्टर लावायचो. दिवा लागला की प्लग फिरवायचा. दादा स्टेजवरून विचारायचा, "बराबर हाय का?" मी मान डोलवायचो, आणि मगच तो माइक हातात घ्यायचा.

आमच्या एका गाण्यात एक करामत होती. अंतरा संपताना मी पेडल दाबून सूर लांबवायचो, दादा गात गात माझ्याजवळ यायचा आणि गिटारच्या तारांवर तळवा ठेवायचा. सूर खटकन थांबायचा. क्षणभर शांतता, आणि मग टाळ्या. लोक ते बघायलाच ते गाणं मागायचे.

अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीत एका लग्नाचं रिसेप्शन होतं. उन्हं उतरताना कार्यक्रम सुरू झाला. मी टेस्टर लावून बघितला, प्लग ठीक होता. पण आवाज मनासारखा लागेना. जालन्यात संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडायचं की बल्ब लाल दिसायचे, आणि त्या पडलेल्या विजेवर माझा रेडिओचा ॲम्प्लिफायर मऊ, भरदार वाजायचा. तिथं मात्र वीज भरपूर, दिवे झगझगीत. सूर टणक आणि कोरडा निघत होता. मी बटणं फिरवत राहिलो, पेडल कमीजास्त केला. माझं सगळं लक्ष त्या आवाजात अडकलं होतं.

तिसऱ्या-चौथ्या गाण्याला मंडपातले दिवे गेले. फ्यूज उडाला होता. मंडपवाल्यांची माणसं वायरी ओढत इकडून तिकडं धावली, कुणी तरी आमचे प्लग लावलेला बोर्ड उचलून दुसऱ्या वायरीला जोडला आणि दिवे परत आले. लोक उठायला लागलेले. पब्लिक हातचं जाऊ नये म्हणून दादानं लगेच ते करामतीचं गाणं धरलं. तबला सुरू झाला, मीही वाजवायला लागलो.

पहिल्या ओळीलाच मला काही तरी वेगळं ऐकू आलं. सुराच्या खाली एक बारीक गुंजन होतं, घुंईं असं. मघाशी ते नव्हतं. मला वाटलं पेडलची वायर सैल झाली. मी पायानं ती सरळ केली, गुंजन तसंच. मग वाटलं व्हॉल्व्ह हलला. अंतरा अर्ध्यावर आला आणि मला आठवलं की हे गुंजन मी घरी ऐकलंय. प्लग उलटा असला की असंच ऐकू यायचं.

मी वर बघितलं तर दादा माइक घेऊन माझ्याकडं येत होता.

मी नको म्हणून मान हलवली. तो हसला. "दादा, न्हाई!" मी ओरडलो, पण स्पीकरच्या आवाजात ते मलाही ऐकू आलं नाही. मी मागं सरकलो. त्याला वाटलं मी खेळ करतोय, तो गात गात मागं आला. समोरची माणसं हसायला लागली. मी अजून मागं झालो आणि गिटारची वायर ताणली गेली, आणखी मागं जाता येईना. खाली टाकावी म्हणून गिटारचा पट्टा मी डोक्यावरून काढायला लागलो, आणि त्याच वेळी दादानं हात पुढं करून तळवा तारांवर ठेवला.

तो ओरडला नाही. त्याचे डोळे मोठे झाले आणि मान मागं गेली. माइक त्यानं इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. लोकांना अजून तो खेळच वाटत होता, कुणी तरी शिटी मारली. मी होती नव्हती तेवढी ताकद लावून अंग मागं फेकलं. वायर गिटारमधून उपसून निघाली, मी पाठीवर पडलो आणि दादा गुडघ्यांवर येऊन कुशीवर कोसळला.

तबलेवाल्यानं बोर्डाचं बटण बंद केलं. मी दादाच्या छातीला कान लावला. माझ्याच कानात इतकं धडधडत होतं की त्याचं काळीज चालतंय की नाही ते कळेना. मी त्याचे गाल थोपटले, हाका मारल्या. मग त्यानं एक मोठा श्वास घेतला, पाण्यातून वर आल्यासारखा, आणि खोकला.

एका जीपमध्ये घालून त्याला दवाखान्यात नेलं. उजव्या हाताच्या बोटांवर तारांचे काळे चट्टे उठले होते. डॉक्टरांनी छाती तपासली, रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी सोडलं. येताना टेंपोत दादा बोटांवरचे चट्टे बघत बसला. रागावलाय का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आई गावाहून आली. "ते डबडं इहिरीत टाक आधी," ती म्हणाली. मी टाकायलाच निघालो होतो. दादा कॉटवरून म्हणाला, "राहू दे. त्याचं काय करायचं ते मी सांगीन." पण पुढचे कितीतरी महिने त्यानं काहीच सांगितलं नाही. तो परत गायला जाऊ लागला, माझ्याशिवाय. माझी जागा कॅसिओ कीबोर्डवाल्यानं भरली. घरी मी गिटार नुसती हातात घेतली तरी दादा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा.

मी पुस्तकं आणली, वाचलं. त्यावर उपाय होता. मधे एक ट्रान्सफॉर्मर घालायचा, म्हणजे घरातल्या विजेचा आणि सांगाड्याचा थेट संबंधच तुटतो. मग सांगाडा आणि माइकचं मशीन एकाच अर्थिंगच्या तारेला बांधायचं. मोटार रिवायंडिंगच्या दुकानातून मी तसा ट्रान्सफॉर्मर बनवून आणला. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घातला, तांब्याची पट्टी पुरली. लाउडस्पीकरवाल्याकडून एक माइक आणि मशीनही मागून आणलं. दादा ओट्यावरून बघत होता.

एका रविवारी दुपारी तो आपणहून खोलीत आला आणि दार लोटून उभा राहिला.

"आधी जुनं दाखव," तो म्हणाला. "त्या दिवशी कसं होतं, तसं लाव."

मला ते नको होतं, पण मी ट्रान्सफॉर्मर काढला आणि प्लग उलटा घातला. मग होल्डरला बल्ब लावून त्याची एक तार माइकला आणि दुसरी गिटारच्या तारेला टेकवली. बल्ब लख्ख पेटला.

दादा त्याच्याकडं बघत राहिला. "एवढी माझ्यातून गेल्ती?"

"तेवढी न्हाई. अंगातून थोडीच जाते. पण तेवढीही लई असती."

मी ट्रान्सफॉर्मर जोडला, अर्थिंग बांधलं आणि परत बल्ब टेकवला. बल्ब पेटला नाही.

"बल्ब उडाला असंल," दादा म्हणाला.

मी तोच बल्ब भिंतीवरच्या होल्डरला लावून पेटवून दाखवला. परत आणून टेकवला. काळाच राहिला. प्लग फिरवून उलटा घातला, तरीही काळाच.

दादानं माइक उचलला. "मंग सरक."

"तू नको. मी लावतो आधी."

"मलाच लावू दे. न्हाई तर हे कधीच जाणार न्हाई."

"दादा, माझं ऐक."

आमचा आवाज ऐकून वहिनी दारात आल्या. माइक आणि गिटार बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. दादानं उजवा हात पुढं केला. बोटं तारांपासून वीतभर अंतरावर थांबली. कपाळावर घाम आला होता. त्यानं हात मागं घेतला, शर्टाला पुसला, परत पुढं केला. माझा हात प्लगवर होता, ओढून काढायच्या तयारीत. मग त्यानं डोळे मिटले आणि तळवा तारांवर दाबला.

काही झालं नाही.

तो तसाच उभा राहिला. वहिनी आत निघून गेल्या आणि त्यांच्या रडण्याचा आवाज आला.

"वाजव," तारांवरचा हात काढत दादा डोळे न उघडताच म्हणाला.

मी वाजवलं. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय? हा तुझा आवाज न्हाई. अंकुशनगरला असाच लागल्ता, टणक."

त्याचं खरं होतं. दुपारची वेळ, वीज भरपूर, आणि नवा ट्रान्सफॉर्मर होती तेवढी सगळी पुढं पाठवत होता. मी परत रिवायंडिंगच्या दुकानात गेलो आणि ट्रान्सफॉर्मरला कमी व्होल्टेजची आणखी एक तार काढून घेतली. तिच्यावर लावलं आणि भर दुपारी तो संध्याकाळचा आवाज आला: मऊ, भरदार, कडेला किंचित फाटलेला. दादा मांडी घालून खाली बसला आणि मला थांबू देईना. शेजारच्या काकू भिंतीवर थापा मारायला लागल्या, तरी तो म्हणाला, "अजून एकदा."

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर मी परत ऑर्केस्ट्रात गेलो. नव्वदच्या दशकात कीबोर्डनं गिटारची गरज संपवेपर्यंत आम्ही दोघं भोकरदनपासून अंबडपर्यंत वाजवत राहिलो. दादाच्या दोन बोटांना नंतर कधी नीट संवेदना आली नाही; खडू धरला तरी निसटायचा. ती करामत आम्ही पुन्हा केली नाही. मात्र प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी टेस्टर आणि बल्ब लावून झाल्यावर मी एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात तारा धरून त्याच्यासमोर उभा राहायचो. सगळं नीट आहे हे ठाऊक असूनही, दर वेळी हात लावण्याआधी मी प्लगकडं एकदा बघून घ्यायचो. दादा माझ्या तोंडाकडं बघत उभा असायचा, आणि मी हात सोडल्यावरच घोटभर पाणी पिऊन पुढं यायचा.