गालातला खडा

बातमी दादाकडे शिकलेल्या किसनाने आणली. मी लेकीच्या बाळंतपणासाठी अकोल्याला आले होते. दर्यापूरकडची बैलबंडी दारात थांबली तेव्हा वाटलं, दादाने बाळासाठी काही पाठवलं असेल. किसनाने बैलही सोडले नाहीत. "आत्याबाई, पंतोजी गेले. ताप डोक्यात गेला," म्हणाला, आणि त्याच्या डाव्या गालाचा खळगा थरथरला. मी चुलीवरची पेज उतरवली नि बंडीत बसले. पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. त्याला महिना होऊन गेला, तरी हाती घेतलेलं काम पुरं होत नाही, अर्ध्यातूनच उठते. म्हणून हे लिहायला बसले.

दादा, म्हणजे गावाचे पंतोजी, माझा थोरला भाऊ. दोघांचेही जोडीदार लवकर गेले, तेव्हा मी त्याचं घर पाहायची आणि तो दर्यापूरजवळच्या आमच्या गावातली सरकारी शाळा. शाळा उघडली आणि कापसाची तेजी आली, दोन्ही एकदमच. साता समुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली नि आमच्या बोंडांना असा भाव आला की, धड चालता येणारं पोरही वेचणीला लागलं. शाळेत कोण येणार? दादा घरोघर फिरला. किसनाचा बाप संपत म्हणाला, "पंतोजी, अक्षरं काय बोंडातून निघतात? पोराले वावरात काम हाय." मुंबईकडे कापूस नेलेल्या बंड्या येताना साखर आणत, सणालाच दिसणारी खडीसाखर आता वाण्याकडे पोत्याने पडलेली. दादाने पितळेचा डबा भरला आणि नियम केला : आल्याबरोबर एक खडा, आणि तो गालात आहे तोवर जागेवरून उठायचं नाही. पोरं आली, ओसरी पुरेना इतकी आली. कोणाचा खडा जास्त टिकतो याची चुरस लागली. चावायचा नाही, चोखायचा नाही. गालात दाबून पाढे म्हणायचे. संपला की दुसरा. दादा खूश. "पाह्यलं, सखू? साकर ठेवली अन् सरस्वती आली."

"मुंग्या बी आल्या," मी म्हटलं.

पुढच्या साली गाल सुजायला लागले. दाताला किडा लागला, असं सारं गाव म्हणे. वैदूने रिंगणीच्या बियांची धुरी दिली, ताटलीत पडलेले किडे दाखवले, विडा घेतला नि गेला. ठणका तसाच राहिला. दादा एकेका पोराला उजेडात उभं करून तोंडात पाहू लागला. मग किसनाचा जबडा असा सुजला की आंबीलही आत जाईना. डावीकडच्या दोन दाढा उपटल्या तेव्हा पोर वाचलं. त्या संध्याकाळी दादा ओसरीवर नुसत्या येरझाऱ्या घालत होता. "सखू, किडा काय डावा-उजवा पायते? जे पोरगं ज्या गालात खडा धरते, त्याच बाजूच्या दाढा सडल्या. धरायले मीच शिकवलं…"

"साकर तं सारंच गाव खाऊन राह्यलं. बाभळीची काडी चावायची आता लाज वाटते त्यायले. तुझ्या एकट्याचं काय घेऊन बसला?"

"ते खातात अन् गिळतात. माह्या पोरायच्या गालात दिवसभर असते."

डबा बंद झाला. त्याऐवजी रोज बाभळीची काडी आणि खळखळून चूळ. काडीसाठी कोण शाळेत येतं? वेचणी सुरू झाली आणि ओसरी मोकळी पडली. त्यातच तपासणीचे साहेब येणार असल्याचा निरोप आला. पोरं दिसली नाहीत तर शाळा उठणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी स्पष्ट सांगितलं, "एक दिवस डबा उघड. एका खड्यानं कोनी मरत नाई. शाळा गेली तं अक्षरं जातील, अन् साकर ते घरी खातीलच." साहेब यायच्या सकाळी मीच भरलेला डबा त्याच्यापुढे ठेवला. तो झाकणावर हात ठेवून बसला… बराच वेळ. वावराकडे निघालेली पोरं दारात घुटमळली, डब्याकडे पाहिलं आणि गेली. गालाला फडकं बांधलेला किसना तेवढा आत आला. अजून दोघे-तिघे आले. साहेबांनी तेवढेच पाहिले. पाडव्याआधी शाळा दुसऱ्या गावी हलली. दादा तिच्यामागे गेला नाही. उरलेल्यांना आमच्याच ओसरीवर शिकवत राहिला. यावरून आम्ही शेवटपर्यंत भांडलो. मी अजून म्हणते, त्या दिवशी झाकण उघडायला हवं होतं. इतकी पोरं अक्षराला मुकली.

आता तेजी उतरली आहे. संपत आणि त्याचे सोबती कागद वाचून घ्यायला किसनाकडेच येतात. बातमी आणली त्या दिवशी बंडीत मी त्याला विचारलं, "तपासनीच्या दिवशी पंतोजीनं खडा दिला असता, तं घेतला असता का रे?"

"घेतला असता ना, आत्याबाई." त्याने बैलांना हाकललं. "उजव्या गालात ठेवला असता."



डबा इथे, अकोल्याला लेकीकडे, आणला आहे. बाळाच्या खडीसाखरेला होईल, असं लेक म्हणाली. मी तो राखेनं घासला आणि त्यात मीठ भरलं. तरी रोज मुंग्या येतात, झाकणाभोवती एक फेरी घालतात, आणि परत जातात.