सुभेदारांची सिंफनी

"थू!" करून सुभेदार अंगणात पिंक टाकायचे आणि मोबाईलवरचं वाजणं बोटाने थांबवायचे. "ओकारी आणतंय गडी. ह्याच्या हातात काठी दिली कुणी?"

हा गडी म्हणजे युरोपातल्या कुठल्यातरी वाद्यवृंदाचा संचालक. सुभेदार फौजेच्या बँडमधून निवृत्त होऊन उंब्रजला आले होते. ऊस भावाकडे सोपवलेला, स्वतःला काम नाही. नोकरीत कधीतरी त्यांनी एक सिंफनी वाजवली होती. साठ-सत्तर वादकांनी मिळून चार भागांत वाजवायची ती मोठी रचना त्यांच्या डोक्यात कायमची बसली. आता कोणत्या संचालकाने ती कशी वाजवून घेतली, हे ते अंगणात स्पीकर लावून ताडून बघत. माझं खताचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळे मलाही सुटका नव्हती.

एक संचालक "मयताला चालल्यागत" हळू, दुसरा "यष्टी सुटल्यागत" पळणारा. तिसरा म्हातारा डोळे मिटून काठी हलवायचा. "झोप आली असंल तर घरला जा म्हणावं," सुभेदार म्हणत आणि पुन्हा थू. तंबाखूची ती पिंक पायरीपर्यंत उडायची. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मुकाट्याने बादली आणून धुवायच्या. मला त्या माणसाची शिसारी यायची.

बँडच्या तालमीत कोणी चुकलं की मास्तर हात वर करतो आणि सगळे पहिल्यापासून सुरू करतात. सुभेदारांनी घरीही तोच शिरस्ता ठेवला होता. संचालक पटला नाही की थांबवायचं आणि दुसरा लावायचा, पहिल्यापासून. जणू तिकडे त्या गोऱ्याला आपली चूक कळणार होती. त्यामुळे शेवटचा भाग कधी आलाच नाही. सुरुवात मात्र काकू भांडी घासताना गुणगुणायच्या.

एकदा शेंगा फोडता फोडता त्या म्हणाल्या, "आवं, एकदा शेवटापतूर जाऊ द्या की. फुडं काय हाय ते मला कवा कळायचं?"

"ह्या गाढवाच्या हातनं? चांगला मास्तर घावू दे, मग आईक."

"आन न्हाई घावला तर?"

उत्तर म्हणून सुभेदारांनी पिंक टाकली. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही तोंड फिरवलं असतं. बाईने वर्षानुवर्षं वाट बघायची आणि ह्यांनी नाक मुरडत बसायचं, ह्याचा मला संताप यायचा.

सुभेदारांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मीच त्यांना मिरजेच्या दवाखान्यात नेलं. खाटेवरून त्यांनी खुणेने मोबाईल मागितला. मी सिंफनी लावली. थोड्याच वेळात कपाळाला आठ्या पडल्या. तोंड वाकडं झालेलं, तरी थुंकायला गेले आणि सगळं हनुवटीवर ओघळलं. मी रुमालाने पुसलं. किळस आलीच, खोटं कशाला बोलू. पण हात मागे घेतला नाही. बोट हलवून त्यांनी ते बंद करायला लावलं. त्या दुखण्यातून ते उठले नाहीत.

दिवसकार्य आटोपल्यावर काकू त्यांचा मोबाईल घेऊन दुकानात आल्या आणि पोत्यावर बसल्या.

"त्येवढं त्यांचं लाव रं."

"कुणाचं लावू, काकू?"

"कुणाचं बी लाव. मधी हात लावू नगंस, म्हंजे झालं."

जो पहिला दिसला तो लावला. युरिया न्यायला एक गिऱ्हाईक आलं, त्याला काकूंनीच हाताने थांब म्हटलं. तोही बिचारा उभा राहिला. ओळखीचा भाग मागे पडला तशा त्या सावरून बसल्या. पदराचं टोक मुठीत धरून त्यांनी चारही भाग ऐकले. शेवटी तिकडच्या लोकांच्या टाळ्या वाजल्या.

"संपलं?"

"संपलं."

त्या उठल्या, लुगडं झटकलं.

"चांगलं हुतं की रं. येवढं वंगाळ काय हुतं त्यात?"