फीड पंप माझ्याकडेच होता

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमचं घर बौद्ध, अंगारे-धुपारे आजोबांच्या काळातच बंद झालेले. त्यात माझा धंदा डिझेल मेकॅनिकचा. गाडी बंद पडते त्याला कारण असतं आणि चालते त्यालाही कारण असतं... एवढंच मी मानत आलो. तरी ही एक गोष्ट लिहून पाठवतोय.

साल दोन हजार एक किंवा दोन. आखाडा बाळापूरला रोडलगत माझं पत्र्याचं गॅरेज होतं. बाजाराच्या दिवशी सकाळी जवळच्या तांड्यावरचा वसराम त्याची पिकअप घेऊन आला.

"मिस्तरी, चढाला दम सोडून राहिली. लोड टाकला की बंदच."

किल्ली गाडीलाच ठेवून तो बाजारात गेला.

मी टाकीपासून सुरुवात केली. टाकी साफ. लाईनमध्ये हवा मारली, मोकळी. फिल्टर नवाच. इंजिनावरचा छोटा हातपंप मारला तर डिझेल नीट चढेना — म्हणजे फीड पंप कमजोर झालेला. हा पंप टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाकडं ढकलतो. तो नसेल तर गाडी चालायचा प्रश्नच नाही. मी तो खोलून काढला. पाइपांची तोंडं मोकळी सोडली, पंपाच्या जागी धूळ जाऊ नये म्हणून फडकं कोंबलं, बोनेट पाडलं आणि पंप पिशवीत टाकून त्याचं दुरुस्तीचं किट आणायला स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. किट तिथंच बसवून अर्ध्या-पाऊण तासानं परतलो, तर गाडी जागेवर नाही.

शेजारचा हॉटेलवाला म्हणाला, "वसरामच्या बायकोला हळदीच्या रानात साप चावला. त्याच्या भावानं मोटरसायकलवर इथं आणली. वसराम तिला गाडीत टाकून कळमनुरीला घेऊन गेला."

"गाडी चालू झाली?"

"झाली की. काहून?"

फिल्टरमधल्या उरल्यासुरल्या डिझेलवर इंजिन चालू होईल, फार तर फर्लांगभर जाईल. मग भर रस्त्यात बंद, आणि आत ती बाई... आणि पंप माझ्या पिशवीत.

पंपाच्या पिशवीत नट खोलायचे चार पाने टाकले आणि मोटरसायकल काढली. फर्लांग गेला, मैल गेला. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता दिसेल. एका बाभळीखाली तशीच पांढरी पिकअप दिसली तेव्हा ब्रेक मारला. ती दुसरीच निघाली. असं करत वीसेक किलोमीटर गेले आणि कळमनुरी आलं.

पिकअप दवाखान्याच्या आवारात उभी होती. बोनेटला हात लावला, चटका बसला. उघडून पाहिलं. पाइपांची तोंडं मोकळी, कोरडी. फडकं मी कोंबलं होतं तसंच. किल्ली फिरवली, इंजिन नुसतं गरगरलं, पकडलं नाही.

तेवढ्यात वसराम बाहेर आला. चेहरा उतरलेला, पण आवाज शांत होता.

"इंजेक्शन दिलं. आता बोलून राहिली. डॉक्टर म्हणे, बराबर टायमावर आणलं." मग गाडीकडं बघून म्हणाला, "मिस्तरी, लय चांगलं काम केलं तुमी. कुठंच अडली न्हाई. चढालाबी न्हाई."

मी एवढंच म्हणालो, "थोडं काम राहिलंय." तिथंच पंप बसवला, लाईनमध्ये अडकलेली एअर काढली. गाडी चालू झाली.

पुढच्या आठवड्यात तसल्याच दुसऱ्या पिकअपचा पंप काढून तीनदा चालवून पाहिली. तिन्ही वेळा गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर बंद पडली. नांदेडच्या डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "तू पंप काढलाच नसशील."

वसरामची बायको ठणठणीत आहे. तो अजून चारचौघांत सांगतो की मिस्त्रीच्या हातामुळं ती वाचली. दर वेळी खरं सांगावंसं वाटतं. पण मग तो विचारणार, "मग गाडी चालली कशी?" म्हणून मी खाली मान घालून ऐकून घेतो.