अक्काची बोर्डो आणि माझं तोंड

आमच्या घरी बुचं आणि किस्से एकाच वेगाने साचतात. बुचं आई लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकते. किश्शांना बरणी नाही, म्हणून तुम्ही ऐका.

आधी माणसं सांगतो. अनूअक्का, माझी मोठी बहीण, एका हॉटेलात वाढपाचं काम करायची. तिला तिथलीच वाइन एक्स्पर्टची पोस्ट हवी होती. कुठल्या जेवणाबरोबर कुठली बाटली ते गिऱ्हाइकाला सांगायचं, असं काम. त्याला टेस्ट असते. बाटली लपवून नुसते ग्लास समोर ठेवतात, चाखून ओळखायचं. एकदा ती नापास झाली होती. आता परत झाली की जागा बाहेरच्या माणसाला जाणार होती. म्हणून दर रविवारी दुपारी बंगळुरात, चामराजपेटला आमच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस. अक्काबरोबर चाखायला अप्पा, म्हणजे आमचे वडील, त्यांचं चिकपेटात साड्यांचं दुकान आहे, आणि वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी काका, मूळचे विजापूरकडचे. नाक मुरडायला आई. ओतायला मी. मी सतरा वर्षांचा, पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, दोनदा सोडलीय आणि वाइन प्यायचं वय नाही. पण ओतण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

* * *

टेस्टला बोर्डो येणार हे अक्काला माहीत होतं. फ्रान्सची लाल वाइन. पहिल्या रविवारी कुलकर्णी काकांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि ग्लास लांब सरकवला.

"बोर्डो? आमच्या बागेत हे द्राक्षांवर फवारतात की. मोरचूद आणि चुना."

अक्का म्हणाली, "काका, ते औषध त्याच गावावरून आलंय. ही तिथली वाइन."

काकांनी जरा विचार केला. "म्हणजे फवारून वाचलेल्या द्राक्षांची. मग चांगलीच असंल. ओत रे गुंड्या."

* * *

अक्काची खरी अडचण वेगळीच होती. बोर्डो दोन वळणांची. जुन्या वळणाची कोरडी, कडक, जीभ आवळणारी. ती वर्षानुवर्षं ठेवायची, मग नरम होते. मॉडर्न वळणाची पहिल्या दिवसापासून मऊ. पिकलेल्या जांभळासारखी, वर नवीन लाकडी पिंपाचा व्हॅनिलासारखा वास. पुस्तकात हे सगळं होतं, पण अक्काच्या जिभेला पुस्तक वाचता येईना.

अप्पांनी दोन्ही चाखल्या, डोळे मिटले आणि अंगठा बोटांवर घासला. दुकानात कापड बघतात तसा.

"ही जुनी म्हणजे खळ दिलेली इरकल. आज टोचणार, पण धुवत जा, नेसत जा, मग बघ. आणि ही मॉडर्न दुकानातच मऊ करून आणलीय. गिऱ्हाइकाला हीच लागते."

"आणि लाकडाचा वास?"

"तो काठाचा जर. इथे स्वल्प जास्त झालाय. जर चमकतोय, कापड दिसत नाही."

"आणि गिळल्यावर तोंडात राहतं ते?"

"पदर," अप्पा म्हणाले. "बाई साडी घेताना पदर बघते. बाकी सगळं आम्ही घडी घालून लपवतो."

त्या दिवसापासून अक्का ग्लास तोंडाला लावला की पदर बघायची.

* * *

एका रविवारी कुलकर्णी काका एकदम फॉर्मात. ग्लास फिरवला, नाक आत घातलं. "धूर आहे. देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटतंय. काहीतरी पवित्र आहे बघा ह्या वाइनमधे."

अप्पांनी वास घेतला. "सरी. बरोबर आहे."

अक्कानेही नाक लावलं आणि गोंधळून माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात आई देवघरातून सांब्राणीचा धूर घेऊन आली, हॉलभर फिरवला आणि म्हणाली, "दारूचा वास मारतोय घराला."

काका शांतपणे म्हणाले, "वहिनी, ह्या बाटलीबरोबर रोज फिरवत जा."

* * *

आता माझं कर्तृत्व. मी एकाच बाटलीतली मॉडर्न बोर्डो दोन ग्लासांत ओतली. एक ग्लास फ्रिजमध्ये ठेवला, एक बाहेर. आणताना तोंड असं केलं, जसा काही मी ह्या घरचा नाहीच.

थंड ग्लास चाखून काका म्हणाले, "ही खानदानी. बोलायला तयार नाही." दुसरा चाखून म्हणाले, "ही बाजारात बसणारी."

अप्पांनी मान डोलावली. अक्कानेही दोन वेगवेगळ्या वाइन सांगितल्या, एक जुनी आणि एक मॉडर्न. मग मी बाटली दाखवली. एकच!

काका हसले, अप्पा हसले. अक्का नाही हसली. "टेस्टला पंधरा दिवस राहिलेत आणि मला थंड आणि वेगळं ह्यातला फरक कळत नाही," म्हणाली आणि आत गेली. आईने माझा कान धरला. पण पुढच्या रविवारी अक्काच मला म्हणाली, "ओत. आणि कर काय करायचंय ते."

मग टेस्टपर्यंत रोजच प्रॅक्टिस, आणि मी रोज काहीतरी करायचो. कधी दोन ग्लास एकच, कधी खरंच वेगळे. कधी काहीच करायचो नाही, तेव्हा ती जास्त घाबरायची. हळूहळू ती आधी ग्लास हातात धरून गार आहे का ते बघायला लागली. मग वास, मग घोट, मग पदर. आणि शेवटी माझं तोंड.

* * *

टेस्टचा दिवस. अक्का संध्याकाळी घरी आली आणि चपला न काढताच सोफ्यावर बसली. आई, अप्पा, काका, सगळे तिच्याभोवती.

"तीन ग्लास होते," ती म्हणाली. "बाकीच्यांनी पटापट तीन वाइन सांगितल्या. माझ्यासमोरचा तिसरा ग्लास हाताला गार लागला."

"मग?" अप्पा.

"चाखला. कडक वाटला, जुन्या वळणाचा. पण पदर पहिल्या ग्लासाचाच. परत चाखला. तरी भरवसा वाटेना. म्हणून मी टेस्ट घेणाऱ्या सरांच्या तोंडाकडे बघितलं."

"काय दिसलं?" मी विचारलं.

"तू."

आईने पदर तोंडाला लावला.

"मी म्हटलं, सर, एक आणि तीन एकाच बाटलीतले. मॉडर्न बोर्डो. तीन नंबर तुम्ही फ्रिजमध्ये ठेवला होता. जुन्या वळणाची फक्त दोन नंबर."

"मग, मग?"

"त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, सोमवारपासून नवीन युनिफॉर्म घाल. मी दारापर्यंत गेले, तर मागून हाक मारली."

"कशाला?"

"विचारत होते, घरी धाकटा भाऊ आहे का."